अंडं शेवटी खाणार कोण?

सातारा-सांगली पट्ट्यात माणूस जन्माला येतो तोच मुळी ऑडिटर म्हणून. शिक्षक, सुभेदार, सरपंच वगैरे तो पुढं सवडीनं होतो. खोटं वाटत असेल तर कुठल्याही लग्नात जाऊन बसा. भटजी ‘सावधान’ म्हणत असतात आणि सगळ्या मांडवात खरी सावधान असते ती तिसऱ्या रांगेतली आजी. मंगलाष्टकं संपायच्या आत तिचा अहवाल तयार होतो. ‘हॉल दीड लाखाच्या खाली न्हाई. फुलं पन्नास हजाराची. आन पोरीच्या गळ्यातलं गंठण एक ग्रॅमवालं हाय.’

तिकडं खरकट्या ताटांच्या ढिगापाशी मुलीच्या बापानं एक चुलतमेहुणा उभा केलेला असतो. केटरर ताटामागं पैसे लावणार, म्हणून हा कागदावर पाच-पाचच्या काड्या मारत ताटं मोजतो. रात्री केटरर म्हणतो हजार, चुलतमेहुणा म्हणतो आठशे बत्तीस, आणि नऊशेवर मिटतं. शहरातल्या मोठ्या फर्म याला फिजिकल व्हेरिफिकेशन म्हणतात आणि भरपूर फी घेतात. आमच्याकडं हे काम करणाऱ्याला शेवटच्या पंगतीत गार भात मिळतो.

अशा मुलखात माझ्या पुतणीनं जाहीर केलं की बी.कॉम. झालं, आता मी फॉरेन्सिक अकाउंटिंग आणि घोटाळ्यांचा तपास शिकणार. त्यासाठी साताऱ्याहून सांगलीला मामाकडं राहणार. घरात शांतता पसरली. ‘फॉरेन्सिक’ या शब्दाची आमची सगळी ओळख टीव्हीवरच्या ‘सीआयडी’तल्या डॉक्टर साळुंखेंपुरती. आडनावावरून ते आमच्याच भागातले असावेत असं आमच्या आईचं मत, त्यामुळं क्षेत्राबद्दल आदर होता. तरी तिनं विचारलंच, ‘म्हंजी मढी कापायची का गं?’

‘नाही आज्जी, वह्या तपासायच्या.’

‘वह्यातनं काय निघतंय?’

‘मढीच निघतात.’

हे उत्तर ऐकून आईनं तिला लगेच परवानगी दिली. तिच्या दोन मुदत ठेवी एका पतसंस्थेत पंधरा वर्षं अडकल्या आहेत.

साधा ऑडिटर आणि हा फॉरेन्सिकवाला यांच्यातला फरक पुतणीनं मला एका वाक्यात सांगितला. साधा ऑडिटर विचारतो, ‘ताळेबंद जुळतोय का?’ फॉरेन्सिकवाला विचारतो, ‘इतका कसा काय जुळतोय?’ शिवाय याचा अहवाल कोर्टात उभा राहावा लागतो, म्हणून प्रत्येक कागद कुणी दिला, कधी दिला, कुणाच्या हातातनं आला याचीही नोंद. सनदी लेखापालांच्या संस्थेनं या कामासाठी वेगळी मानकं केली असून १ जुलै २०२३ पासून ती सक्तीची आहेत. गांधीनगरला तर २०२० च्या कायद्यानं न्यायसहायक विज्ञानाचं राष्ट्रीय विद्यापीठच झालंय. जगात या विद्येचा दरारा अल कपोनपासून. शिकागोच्या या गुंडावर खुनाचा एकही आरोप शाबीत झाला नाही. १९३१ साली तो आत गेला तो प्राप्तिकर चुकवला म्हणून. पिस्तूलवाल्यांना न सापडलेला माणूस वहीवाल्यांना सापडला.

हे ऐकून माझे थोरले बंधू, म्हणजे मुलीचे वडील, थोडे निवळले. पण तिच्या वर्गातल्या मुलांचे मोबाईल वाजायला लागले की ते पुन्हा काळजीत पडतात. २०२० मध्ये हर्षद मेहतावरची मालिका आली आणि तिची धून निम्म्या पोरांच्या फोनवर जाऊन बसली. दादांचा प्रश्न साधा आहे. ‘ही पोरं चोर पकडायला शिकायला आल्यात का चोराकडं शिकायला?’ सुचेता दलाल यांनी एप्रिल १९९२ मध्ये ते प्रकरण बाहेर काढलं, पण त्यांच्या नावाची धून कुणाच्याच फोनवर नाही.

अभ्यासक्रमाचा पहिला धडा कायद्याचा, आणि तिथंच माझ्या पिढीला धक्का बसतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं. दीडशे वर्षं जपलेला आकडा एका रात्रीत गेला. आता कट्ट्यावर ‘लय ३१८ माणूस हाय’ म्हणून बघा, ऐकणाऱ्याला तो फ्लॅट नंबर वाटतो. सरकारनं कायदा बदलला, पण शिवीचं पुनर्वसन केलं नाही.

दुसरा धडा त्रिकोणाचा. डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं अपहार करून तुरुंगात गेलेल्या माणसांशी बोलून १९५३ साली पुस्तक लिहिलं. त्याच्या म्हणण्यातून पुढं घोटाळ्याचा त्रिकोण तयार झाला. एक कोन अडचणीचा, दुसरा संधीचा आणि तिसरा मनाची समजूत घालण्याचा. पहिल्या दोन कोनांत आपण जगाच्या बरोबरीनं असू, तिसऱ्यात आपला हात धरणारा कुणी नाही. ‘खाल्ले नाहीत, फिरवले.’ ‘पुढच्या हंगामात भरणारच होतो.’ ‘माझ्या आधीच्यानं किती नेले ते बघा आधी.’ आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘मी पैसे खाल्ले असते तर माझ्याकडं हीच जुनी गाडी असती का?’ हे वाक्य म्हणणाऱ्याची नवी गाडी बायकोच्या नावावर असते.

तिसऱ्या धड्यात पिग्मी एजंट येतो. पिग्मीची कल्पना १९२८ साली उडुपीत डॉ. टी. एम. ए. पै यांच्या सिंडिकेट बँकेनं काढली. रोज दोन आणे गोळा करून गरिबाला बचतीची सवय लावण्याची ती फार चांगली योजना. आपल्याकडच्या पतसंस्थांनी ती उचलली आणि काही एजंटांनी त्यात भर घातली. सोमवारी भाजीवालीचे पैसे वापरायचे, मंगळवारी टपरीवाल्याचे पैसे भाजीवालीच्या खात्यावर टाकायचे, बुधवारी सलूनवाल्याचे टपरीवाल्याच्या. ह्याची टोपी त्याला घालत जायचं. हा खेळ अखंड चालू ठेवायला एकच पथ्य असतं, एकही सुट्टी घ्यायची नाही. सुट्टी घेतली, बदली माणूस आला, की संध्याकाळी एक डोकं बिनटोपीचं सापडतं.

म्हणून पुस्तकात लिहिलंय की जो कर्मचारी कधीच रजा घेत नाही त्याच्याकडं आधी बघा. रिझर्व्ह बँकेनंही नाजूक जागांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दहा कामकाजाचे दिवस, तेही आधी न सांगता, सक्तीनं रजेवर पाठवायला सांगितलंय. आणि आमच्याकडं? ‘सलग २२ वर्षं एकही रजा न घेता संस्थेची सेवा केल्याबद्दल’ अशाच माणसाला शाल, श्रीफळ आणि फेटा. पुतणीनं असा एक सत्कार सांगलीत बघितला आणि वही काढून तारीख लिहून घेतली. मामा म्हणाले, ‘अगं, टाळ्या वाजव की.’

पुस्तकातली प्रकरणं मात्र परगावची. एन्रॉन आहे, तेही दाभोळच्या वीज प्रकल्पामुळं आपल्याला पाहुण्यासारखंच. सत्यम आहे. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की खात्यातले हजारो कोटी मुळात नाहीतच. त्यातला धडा असा की ठेवीची पावती दाखवली म्हणून मान डोलवायची नाही, थेट बँकेला विचारायचं. हे सगळं ठीक. पण त्यात उसाची काटामारी नाही. साखरेची रिकव्हरी कागदावर खाली आणायची कला नाही. एकाच टोळीच्या जोरावर तीन ट्रॅक्टरवाल्यांकडनं उचल घेऊन हंगामाच्या तोंडाला फोन बंद करणारा मुकादम नाही. तासगाव-सांगलीच्या बेदाणा सौद्यातली उधळण नाही. खरेदीदार पेटीतनं मूठभर बेदाणा घेतो, उजेडात धरतो, दोन दाणे तोंडात टाकतो आणि उरलेला खाली उधळतो. दिवसभर अशा मुठी पडतात. दाणे शेतकऱ्याचे, पण संध्याकाळी झाडून गोळा झालेला ढीग कुणाच्या खात्यावर जमा होतो, यावर एखादं पोर पीएच.डी. करू शकेल. मार्गदर्शक मिळायची तेवढी पंचाईत.

चौथा धडा आकड्यांच्या वागणुकीचा आहे आणि तो मला सगळ्यात आवडला. सायमन न्यूकूम या खगोलशास्त्रज्ञाला १८८१ साली दिसलं की लॉगॅरिदमच्या पुस्तकाची पहिली पानं जास्त मळलेली असतात. पुढं १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्डनं ढीगभर आकडे तपासून नियम पक्का केला. नद्यांची क्षेत्रफळं असोत, लोकसंख्या असो, सहज घडलेल्या आकड्यांत सुरुवातीला १ येण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के असतं आणि ९ येण्याचं पाच टक्क्यांच्याही खाली. माणूस मनानं आकडे लिहायला लागला की हे गणित बिघडतं आणि चोर सापडतो.

पुतणी सुट्टीत घरी आली ती हा नियम घेऊनच. तिनं घरातली पहिली वही धरली ती आहेराची. आमच्या घरात आहेराची वही गीतेच्या शेजारी असते आणि जास्त वेळा उघडली जाते. कुणी ५१ दिले, कुणी १०१, कुणी ‘टॉवेल-टोपी’, आणि दोन नावांपुढं नुसतं ‘जेवून गेले’. पुतणीनं पहिले आकडे काढले. एक आणि पाच यांनीच वही भरलेली, अधूनमधून दोन. सात, आठ, नऊ औषधालाही नाहीत. बेनफर्डच्या हिशेबानं आमचे सगळे पाहुणे घोटाळेबाज ठरले. आई म्हणाली, ‘त्यात काय शोध लावला? मला म्हाईतच हाय.’ मग पुतणीनं समजावलं की माणसानं ठरवून दिलेल्या आकड्यांना हा नियम लागू पडत नाही. तो आपोआप घडणाऱ्या आकड्यांसाठी आहे. पण तोवर आईनं तीन घरांचा निकाल लावला होता आणि तो अजून फिरलेला नाही.

प्रोजेक्टसाठी खऱ्या संस्थेचे हिशेब हवे होते. ते मिळवणं हाच खरा अभ्यासक्रम आहे, हे तिला लवकर कळलं. पहिल्या संस्थेच्या सचिवांनी चहा दिला आणि विचारलं, ‘कुणी पाठवलंय?’ दुसऱ्यांनी चहा दिला आणि विचारलं, ‘तुमच्याकडं निवडणूक आहे का?’ तिसऱ्यांनी चहाच दिला. जुन्या वह्या मागितल्या की सांगलीत एक ठरलेलं उत्तर आहे, ‘पुरात गेल्या.’ कृष्णामाईनं २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीचे खरोखर हाल केले, व्यापाऱ्यांचे संसार धुऊन नेले. पण तिच्या नावावर नंतर ज्या वह्या खपवल्या गेल्या तेवढा कागद सांगलीत कधी आला होता का, अशी शंका येते. एका कार्यालयाच्या २०१९ च्या वह्या पुरात गेल्या होत्या. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. पुतणीनं आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी आणि जिन्याच्या पायऱ्या यांचा हिशेब घातला. त्या दिवशी पाणी तिसऱ्या मजल्यावर गेलं असतं तर आख्ख्या गावात गणपतीच्या देवळाचा कळससुद्धा ओला झाला असता. साताऱ्यात पुराची सोय नाही, म्हणून तिथं वह्या वाळवी खाते. ही वाळवी आर्थिक वर्षाप्रमाणं खाते, १ एप्रिल ते ३१ मार्च.

शेवटी एका गणेश मंडळानं, ‘पोरगी आपल्यातलीच हाय’ म्हणून, फाईल दिली. तिथं सगळा अभ्यासक्रम एका पिशवीत सापडला. वर्गणीची पावतीपुस्तकं एक ते दहा, त्यात सात नंबरचं नाही. अध्यक्ष म्हणाले, ‘ते विसर्जनात गेलं.’ खर्चाची बिलं ९,८००, ९,९००, ९,९५०. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिली तर आयकरात तो खर्च धरत नाहीत, हे कुणाकडनं तरी ऐकलेलं. मंडळावर आयकराची तशी धाड पडणार नव्हती, पण सावधगिरी अंगात मुरलेली. मंडपवाला, लाईटवाला आणि हारवाला या तिघांच्या बिलावरचं अक्षर एकच, आणि तिघांनीही ‘विद्युत’ चुकीचा लिहिलेला. सगळ्यात सुंदर होतं ते मंडप उतरवल्याचं बिल, दिनांक ३१ सप्टेंबर. पुतणीनं ते अध्यक्षांपुढं धरलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाले, ‘देवाचं काम हाय बाळा. त्यात तिथी बघायची, तारीख न्हाई.’

या शिक्षणाचा घरात एक तोटा झाला. स्थळं बघणं अवघड झालं. मध्यस्थ सांगत आला, मुलगा पुण्यात, पॅकेज बारा लाख, गावाकडं पाच एकर बागायत. वहिनी चहा गाळेपर्यंत पुतणीनं मोबाईलवर सातबारा उघडला. पाच एकर खरी, पण ती सात जणांच्या भावकीत. पीकपाहणीत बागायतीच्या जागी ‘पड’. आणि ‘इतर हक्क’च्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा. मध्यस्थानं बशीतला चहा तसाच ठेवला. वहिनी आत येऊन म्हणाल्या, ‘अगं, लग्न करायचंय का धाड घालायचीय?’ आता मध्यस्थ आमच्याकडं येताना आधी स्वतःचा सातबारा बघून येतात, आणि एकानं तर आमचाच बघितलेला निघाला.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की इतक्या चौकस मुलखात कुणी कुणाला एक रुपयाला फसवू शकणार नाही. मग २०१९ साल आठवा. तेव्हाचं इस्लामपूर, आताचं ईश्वरपूर, तिथून कडकनाथ कोंबडीची योजना निघाली. मूळची झाबुआची ही कोंबडी. पिसं काळी, मांस काळं, हाडापर्यंत काळेपणा. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. योजना अशी की शेतकऱ्यानं पैसे भरायचे, पिल्लं घ्यायची, वाढवायची, आणि अंडी कंपनी चढ्या भावानं परत घेणार. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पलीकडच्याही जिल्ह्यांतल्या हजारो शेतकऱ्यांनी पैसे घातले. मग खाद्य यायचं थांबलं, अंडी न्यायला गाडी येईना, गुन्हे दाखल झाले. त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांची यात्रा सांगली जिल्ह्यात आली तेव्हा आंदोलकांनी ताफ्यापुढं कडकनाथ कोंबड्याच फेकल्या. देशात आंदोलनं पुष्कळ झाली, पण पुरावाच अंगावर फेकल्याचं उदाहरण विरळा.

पुतणीच्या वर्गात यावर चर्चा झाली. सरांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, ‘अंडं शेवटी खाणार कोण?’ मग हिशेब मांडला. कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते. एका शेतकऱ्याकडं शंभर कोंबड्या, म्हणजे दहा हजार अंडी. कंपनी ती घेऊन उबवते आणि पिल्लं नव्या शेतकऱ्याला विकते. आठ हजार जगली, त्यात निम्म्या माद्या धरल्या, तर चार हजार कोंबड्या. शंभराचा एक गट म्हटलं तर एका शेतकऱ्यामागं पुढच्या वर्षी ४० नवे शेतकरी लागणार. दुसऱ्या वर्षी १,६००. तिसऱ्या वर्षी ६४,०००. चौथ्या वर्षी २५ लाख ६० हजार. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या सांगली जिल्ह्याची लोकसंख्या, पाळण्यातल्या पोरांसकट, २८ लाख आहे. पाचव्या वर्षी १० कोटी २४ लाख, म्हणजे जवळजवळ सगळा महाराष्ट्र कडकनाथ पाळणार. आणि या सगळ्या व्यवहारात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकाही माणसानं ऑम्लेट खाल्लेलं नाही.

शंभर वर्षांपूर्वी बोस्टनमध्ये असाच हिशेब एकानं घातला होता. चार्ल्स पॉन्झी टपालाच्या कुपनांतून नफा देतो म्हणत होता. १९२० साली क्लॅरन्स बॅरन यानं दाखवलं की इतका धंदा चालायला १६ कोटी कुपनं लागतील, आणि बाजारात होती सुमारे २७ हजार. हे गणित चौथीच्या पोराला येतं. नव्वदच्या दशकात सागवानाच्या योजना आल्या, मग इमू आला, २०१२ साली तमिळनाडूत पेरुंदुराईला तो कोसळल्याचं पेपरात वाचलं, आणि तरीही २०१९ मध्ये आपण कोंबडीपाशी आलो. तीस वर्षांत झाडापासून सुरुवात करून अंड्यापर्यंत उतरलो. पुढची योजना बहुधा अळीची असेल.

मग खरकटी ताटं मोजणारा आमचा चुलतमेहुणा इथं कुठं गेला? तो इथंच होता. त्यानंही पैसे घातले होते. का, तर योजना घेऊन आलेला माणूस ‘आपला’ होता. साडूचा भाऊ होता, किंवा वर्गमित्र होता, किंवा गळ्यात माळ होती. आमच्याकडं चौकसपणाला एकच बंदी आहे, आपल्या माणसाला हिशेब विचारायचा नाही. परक्याच्या लग्नातल्या फुलांचा भाव आम्हाला तोंडपाठ, आणि स्वतःची ठेव कुणाच्या भरवशावर आहे ते विचारायला लाज वाटते. ज्या पैशाशी आपला संबंध नाही त्याचाच हिशेब आम्ही चोख ठेवतो.

ही लाज उघड्यावर बघायची असेल तर सप्टेंबरात कुठल्याही सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला जा. साताऱ्यातल्या रयतच्या वाणिज्य महाविद्यालयाला धनंजयराव गाडगीळांचं नाव आहे. विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनं प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा करणारे आणि त्याचे पहिले अध्यक्ष झालेले हे अर्थशास्त्रज्ञ. सभासदानं कारखान्याचा मालक व्हावं ही त्यांची कल्पना. तो मालक सभेत कसा वागतो ते बघण्यासारखं असतं. अहवालाची पहिली सहा पानं फोटोंची. मग श्रद्धांजली. ताळेबंद सगळ्यात बारीक टाईपात. व्यासपीठावरून ‘विषय क्रमांक एक’ असा आवाज येतो आणि विषय काय हे कळायच्या आत मालक ओरडतात, ‘मंजूर! मंजूर!’ विषय क्रमांक बारापर्यंत गाडी न थांबता जाते, कारण मागं जिलेबी तळायला घेतलेली असते.

गेल्या सभेत मागच्या रांगेतून एक म्हातारे शेतकरी उठले. अहवालाच्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘हे इतर येणे म्हंजी कुणाकडनं येणं?’ सगळ्या सभागृहानं त्यांच्याकडं असं बघितलं की जणू त्यांनी नवरीचं वय विचारलं. व्यासपीठावरून उत्तर आलं, ‘कार्यालयात येऊन भेटा.’ शेजारचे म्हणाले, ‘बसा अण्णा, ऑडिटचा वर्ग अ आहे संस्थेला.’ अण्णा बसले नाहीत. ‘वर्ग अ हाय, मग सांगायला काय हरकत हाय?’ एवढं बोलून ते उभेच राहिले, आणि पाचव्या मिनिटाला सचिवांना यादी वाचावी लागली. यादीत नावं तीनच होती. ती ऐकून मालक पहिल्यांदा ‘मंजूर’ म्हणायचं विसरले.

पुतणीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं तिच्या पुस्तकातला आकडा सांगितला. घोटाळे तपासणाऱ्यांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार ४३ टक्के घोटाळे उघडकीला येतात ते कुणीतरी तोंड उघडल्यामुळं. बाहेरच्या ऑडिटमधून सापडतात फक्त तीन टक्के. बेनफर्ड, सॉफ्टवेअर, मानकं हे सगळं नंतरचं. आधी एक अण्णा उभे राहावे लागतात.

फॉरेन्सिक अकाउंटिंगच्या पदवीसाठी सांगलीला मामाकडं जाऊन राहणं सगळ्यांना जमणार नाही. पण सहकार कायद्याचं कलम ३२ प्रत्येक सभासदाला फुकट आहे. त्याखाली शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभेचं इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य बघता येतात. तेव्हा येत्या सभेला जाण्याआधी एकदा संस्थेत जा आणि कागद बघा. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडच्या कर्जाचं पान शोधा, ते अहवालात असावंच लागतं. अध्यक्ष तुमच्या साडूचे मेहुणे असतील तर अगदी प्रेमानं, चहा घेऊन विचारा, पण विचारा. कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ ची वसुली लागेपर्यंत थांबलात तर ठेव मिळेल नातवाला. आणि सभेत ‘मंजूर’ म्हणायचंच असेल तर कृपा करून विषय वाचून झाल्यावर म्हणा.